तांब्याच्या पोटातले अठ्ठेचाळीस तास

धुळ्याच्या थंडीत पहाटे पाचला
तांब्याच्या कुशीतलं रबरी झाकण मी काढते
आणि गोठ्यातला एकुलता बल्ब धूसर होतो
त्याच्या पोटातून आलेल्या वाफेनं.

निमाडी बैल. तांबड्या अंगावर पांढरं,
जसा कुणी चुना सांडून पुसायचा विसरलं.
डाव्या कुशीला हात जाईल एवढं भोक,
जुनी शस्त्रक्रिया, कडा भरून आलेल्या.
पाहुणे बघतात आणि दोन पावलं मागे सरतात.
तो सरत नाही. रवंथ करत उभा असतो,
जणू ही खिडकी दुसऱ्याच कुणाच्या घराची.

खांद्यापर्यंत हातमोजा.
जानेवारीत एवढी ऊब सगळ्या धुळ्यात फक्त तिथं.
कडब्याची गादी वर तरंगते, खाली आंबट पाणी,
आणि सगळं मिनिटातून एकदा-दोनदा वळतं,
झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखं.
त्यात मी सोडते नायलॉनच्या पुरचुंड्या,
साखळीला बांधलेल्या, नंबर टाकलेल्या:
केळीचं खोड, वाळवलेलं. केळीचं खोड, मुरवलेलं.
सरकीची पेंड. ज्वारीचा कडबा, तुलनेसाठी.

खोड रावेरहून येतं, टेम्पोतून,
घड उतरल्यावर बांधावर कुजायला टाकलेलं.
दहात नऊ भाग पाणी, उरलेल्यात आमची आशा.
चिकाचे डाग माझ्या तिन्ही ॲप्रनांवर आहेत.
आईनं लिंबू लावलं, रॉकेल लावलं, मग म्हणाली,
हे आता तुझ्या शिक्षणासारखं, निघायचं नाही.

सहा तास. बारा. चोवीस. अठ्ठेचाळीस.
पुरचुंड्या नळाखाली धुते
पाणी नितळ येईतो. बोटं बधिरतात.
ओव्हनमध्ये वाळवून काट्यावर ठेवते.
जे हरवलं ते पचलं, असं आम्ही मानतो.
हे वाक्य मी कधी कधी गोठ्याबाहेरही वापरून पाहते.
तिथं ते चालत नाही.

आकडे बरे आले. मुरवलेलं खोड
कडब्याच्या पुढे नाही, पण फार मागेही नाही.
शिरुडे सर दोनदा हसले.
मग तेच खोड गव्हाणीत टाकलं.
तांब्यानं हुंगलं, मान वळवली.
दुसऱ्या दिवशी हुंगलंही नाही.

तीन दिवस मी उष्टं तोलत होते.
टाकलं अकरा किलो, उरलं दहा किलो आठशे ग्रॅम.
दोनशे ग्रॅम बहुधा पायाखाली गेलं.

उखाभाऊ भोई, गोठ्याची चावी एकोणीस वर्षं
करदोड्याला बांधून फिरणारे,
बिडी कानामागे खोचून म्हणाले,
"पोटले काय इचारतस ताई, तोंडले इचारा."
खोडाच्या चकत्या पत्र्यावर पसरल्या,
एक ऊन, एक रात्र.
मग मूठभर पेंड, चिमूटभर मीठ
आणि पहिला घास आपल्या तळहातावर.
तांब्यानं आधी तळहात चाटला. नंतर घास.
मग गव्हाणीत डोकं घातलं
ते दुपारपर्यंत काढलं नाही.

मी वहीत लिहिलं: सुकवण, पेंड, मीठ.
तळहाताला रकाना नव्हता.
सर म्हणाले, पुन्हा कर, या वेळी उखाला लांब ठेव.

केलं. सहा जनावरं, तीन आठवडे,
उखाभाऊ शहाद्याला, बहिणीकडे.
पाचांनी खाल्लं, अगदी निमूट.
तांब्यानंही खाल्लं, पण दुपार टळल्यावर,
दाराकडे बघत बघत.
वहीत ते सहाही सारखे दिसतात.

रात्री खोलीवर कळण्याची भाकर, कालचं भरीत.
साबण तीनदा लावलाय,
तरी बोटांना वास आहे, आंबट, गवताळ, जिवंत.
डावा हात मांडीखाली दाबून
मी त्याच हातानं जेवते,
नेहमीपेक्षा जरा सावकाश.